समुद्र आला की डावीकडे

अमरावती,
१२ जून १९६४

चिरंजीव भाऊ श्रावणले तुह्या बाईचा जयभीम.

पत्र लिहाले कारण की, ललितेचं लंडनहून पत्र आलं. सप्टेंबरात तिचे दिवस भरतात. स्वतः दवाखान्यात नर्स हाये म्हणून काय झालं, दुसऱ्याचं लेकरू हातात घेणं येगळं न आपलं येगळं. जावई कारखान्यात पाळ्या करतात, तिच्यापाशी बसाले कोणी नाई. तिनं लिहिलं, "आई, तू आली त मले कशाचंच भेव नाई." न त्याच पाकिटात विमानाचं तिकीट. म्हणजे येते का म्हणून विचारलंच नाई पोरीनं, सरळ तिकीट पाठोलं!

तुहे भाऊजी दोन दिवस त्या तिकिटाकडे पाहून राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "केशर, एवढं मोठं लोखंड वर जाते, हेच मले पटत नाई." आता सांग, असा माणूस मले काय धीर देईन?

मले भेव वाटते, श्रावणा. खोटं काहून बोलू. अचलपूरच्या एसटीत बसली त मी परतवाडा येतलोक पदर तोंडाले लावून असते. हे त सोळा तास म्हणते ललिता. सोळा तास बंद डब्यात, न खाली काहीच नाई!

पण मंग मले तू आठवला. एकोणसाठ साली त्या विलायतच्या संस्थेनं खेड्यापाड्यातले दहा मास्तर बोलावले, त्यात तुहं नाव. अकोल्याच्या टेशनवर आमी सारे पोहचवाले आलो होतो. बँड होता. सत्तावीस हार होते, मी मोजले. आपल्या वस्तीतला विमानात बसलेला पहिला माणूस म्हणजे माहा भाऊ. तवापासून दरसाल तू शाळेत भाषण देतो. तू जाऊन आला म्हणूनच मी जाईन म्हणते. तू धीर दिला त जाईन, नाई त पोरीले नाई म्हणून कळवीन.

आता हे सांग. आतमधी खुर्ची कशी असते? चपला आत नेऊ देतात का? खिडकी उघडते का, मले तंबाखू थुकाले लागते. भाकर भेटते का? समुद्र आला की काय करतात? न खिडक्या बंद असल्या त हवा कुठून येते? भाषणात तू नुसते ढगच सांगतो, हे कोणी तुले विचारतच नाई.

तुही बाई,
केशर


अकोला,
१९ जून १९६४

आदरणीय बाईस श्रावणचा सप्रेम जयभीम.

तुझे पत्र पोचले, मजकूर समजला. शाळा सुरू होण्याची गडबड असल्याने उत्तरास विलंब झाला, क्षमा असावी. तुझे प्रश्न अत्यंत मूलभूत आहेत. विमान म्हटले की लोक ढगांत रमतात, आतील व्यवस्थेचा विचार कोणी करीत नाही. मी मात्र केला आहे.

खुर्ची ही दाढीच्या सलूनात असते तशी, मागे कलणारी असते. मानेला गादी असते. फक्त समोर आरसा नसतो. आत गालिचा असल्याने चपला दारातच काढाव्या लागतात. तेथे एक गृहस्थ पितळी बिल्ला देतो, उतरताना तो दाखवून आपापल्या चपला घ्यायच्या. बिल्ला हरवला तर फार वाद घालावा लागतो, तेव्हा पदराच्या गाठीत बांधून ठेव. हवा टाक्यांत भरून आणतात. उत्तम दर्जाची असते. चिखलदऱ्याला सकाळी जी लागते ती हवा डोळ्यांपुढे आण. भाकर मिळते, ज्वारीची. सोबत वाटीत ठेचा असतो, मात्र तिखट बेताचे, कारण साहेब लोकही त्याच पंक्तीला असतात. खिडकी उघडते, परंतु सभ्य माणसे उघडत नाहीत.

आता समुद्र. समुद्र लागला की विमानाचा तोल बदलतो. त्या वेळी घंटा होते, आणि सर्व उतारूंनी उठून डावीकडे बसायचे. जमीन लागली की पुन्हा आपापल्या जागी. यात घाबरण्यासारखे काही नाही, सवयीचा भाग आहे.

कानात कापूस घालावा. आपल्याकडचाच असल्यास उत्तम.

तेव्हा नि:शंक मनाने ललितेकडे जा. तुझा माझ्यावर एवढा भरवसा आहे हे वाचून कसेसेच झाले. हे वाक्य खोडणार होतो, पण राहू देतो.

तुझा भाऊ,
श्रावण


अमरावती,
२० जुलै १९६४

चिरंजीव श्रावणले जयभीम.

तुहं पत्र मी वस्तीत वाचून दाखवलं. डोमाजी आपला एसटीचा ड्रायवर, तो म्हणे, "मास्तरनं लिहिलं ते पक्कं, पण सवय पाहिजे. सोळा तास बसून दाखव, मंग विमान." डेपोत मोडीत काढलेलं एक सीट होतं, ते त्यानं साहेबाले विचारून आणलं न आमच्या ओसरीत मांडलं. मागं कलत नव्हतं, तवा त्याच्या खाली दोन इटा घातल्या.

रविवारी पहाटे पाचले बसली मी. मांगं तीन बाजा टाकल्या, त्याच्यावर वस्तीतल्या बाया, कारण एकटीनं बसलं त विमान वाटत नाई. चपला दारात काढल्या, तुह्या भाऊजीनं सगळ्यांले सोडाबाटलीचे बूच दिले बिल्ला म्हणून. शेजारची पार्बताबाई परातीत भाकर ठेचा घेऊन फिरून राहिली. डोमाजी मांगून सीट हालवे न तोंडानं आवाज काढे. पण त्याले गिअर बदलल्याशिवाय आवाजच काढता येत नाई, त्यानं चार वेळा गिअर बदलला. विमानाले गिअर असते का, ते कळव.

अकरा वाजता तुह्या भाऊजीनं घंटा वाजवली न वरडले, "समुद्र!" आमी सतरा बाया एकाच दमानं डावीकडे गेलो. डावीकडची बाज मोडली. शेळी दावं तोडून पळाली. पार्बताबाईचा पाय मुरगळला, पण तिनं परात सोडली नाई. दुपारी दुसरा समुद्र होता, तवा बाया म्हणाल्या आमाले जमिनीवरूनच नेजा.

तेरा तास बसली, श्रावणा. मंग कंबर धरली. पण भेव थोडं गेलं. आता मले आतलं सगळं पाठ हाये, जसं काही मीच जाऊन आली. पंचवीस आगस्टचं विमान हाये. तिकिटावर हात फिरवून पाहतो आमी दोघं.

तुही बाई,
केशर


अकोला,
२७ जुलै १९६४

आदरणीय बाईस सप्रेम जयभीम.

सतरा बायका म्हणजे जरा जास्तच झाल्या. पार्बताबाईच्या पायाला हळद लाव.

एक विचार सुचला. बोटीचा प्रवास अधिक आरोग्यदायी असतो असे हल्ली वाचनात आले. पण बोटीला तीन आठवडे लागतात, आणि ललितेचे दिवस... ते जमणार नाही. नाही ना जमणार?

दुसरे असे की, माझी माहिती पाच वर्षे जुनी आहे. कंपन्या आतील व्यवस्था सारखी बदलत असतात. तेव्हा काही फरक आढळल्यास तो कंपनीने केलेला आहे असे समजावे, भावाने नव्हे. गिअरविषयी पाहून कळवतो.

बाई, आणखी एक सांगायचे होते. पुढल्या पत्रात लिहीन.

तुझा,
श्रावण


लंडन,
१४ सप्टेंबर १९६४

चिरंजीव श्रावणले जयभीम.

नातीन झाली! नऊ तारखेले, सकाळी. ललिता ठीक हाये. माहा हात धरून होती सारा वेळ, न मोठ्या मोठ्या नर्सबाया बाजूले उभ्या. मी आली नसती त काय झालं असतं, हे मनात आलं तरी अंगावर काटा येते.

आता विमानाचं ऐक. तू म्हणाला तसंच झालं. कंपनीनं पाच वर्षांत सगळं काढून टाकलं! दारात एक साहेब उभा होता, मी माह्या निळ्या पट्ट्याच्या चपला त्याच्या हातात देल्ल्या न बिल्ला मांगतला. तो चपलांकडे पाहे न माह्याकडे पाहे. बिल्लाच नाई त्याच्यापाशी. मी तशीच अनवाणी आत गेली. मांगून एक पोरगी आली, लुगडं कसं चापूनचोपून नेसलेली, तिनं दोन्ही हातांवर चपला आणून देल्ल्या, सत्काराचं नारळ द्यावं तश्या.

खुर्ची सलूनसारखीच, ते तुहं खरं. पण पुढचा साहेब मांगं कलला तो थेट माह्या मांडीवर. टक्कल माह्या समोर, मनात आणलं असतं त तेल घालून देलं असतं. हवा चिखलदऱ्याची नाईच. सारे सिगरेटी फुकून राहिले, न डोक्यावरच्या एका भोकातून गार वारा माह्या एकाच कानात. तुह्या कापसानं तो कान वाचला. ओठ सुकून पापड झाले. खिडकी पाहिली, कडी नाई का बिजागर नाई, ती बी पक्की करून टाकली.

समुद्र आला त घंटाच नाई वाजली! मी उजवीकडे, काचेतून खाली निळंच निळं. आता मी काय करू, एवढ्या लोकांचा जीव! उठली न डावीकडे गेली. तिथं एक जाडा साहेब बसला होता. त्याले खुणेनं सांगतलं, समुद्र हाये, सरक. तो सरकला. त्याले पाहून आणखी तिघं उजवीकडून उठून आले, त्यांले वाटलं आपल्यात असंच असते. न पाह्य, विमान पडलं नाई.

जेवाले पांढरा पाव न उकडलेला बटाटा. ठेचा मांगतला त ती पोरगी तोंड पाहून राहिली. मंग मी आपली शिदोरी सोडली. बाजूच्या साहेबानं बोटभर ठेचा खाल्ला, रडला, न आणखी मांगतला. मंग विमान चालवणारा स्वतः पाहाले आला, त्यानं बी खाल्ला. मी म्हणलं, बाबा तू खाऊ नको, तू समोर पाह्य.

उतरताना तक्रार असली त लिहा म्हणून कागद देतात. तो ललितेकडून भरून घेतला. "माह्या भावाच्या वेळेस बिल्ला होता, भाकर ठेचा होता, समुद्राची घंटा होती. ते काहून बंद केलं, लेखी कळवावं." ललिता हसून हसून लिहे. चार दिवसांनी कंपनीचा साहेब घरी आला, टोपी काढून बसला, सगळं परत लिहून घेतलं. हसला नाई. म्हणे, असा जाणकार उतारू आमाले पाहिजेच. मी तुहं नाव न अकोल्याचा पत्ता देला. तुही कंपनीत वळख झाली.

तुही बाई,
केशर


अकोला,
५ ऑक्टोबर १९६४

बाई,

नातीन झाली, लय आनंद झाला. आता पुढचं मले शाळेच्या भाषेत लिहिता येत नाई, जसं येते तसं लिहितो.

पत्ता काहून देल्ला वं बाई! शनिवारी पुंजाजी पोस्टमन सायकलवरून वरडतच आला, "मास्तरले विमान कंपनीचं पत्र!" मी दार उघडतलोक अर्धी वस्ती अंगणात. हेडमास्तरनं फोडून वाचलं. कंपनी म्हणते, एकोणसाठच्या आमच्या दप्तरात आपलं नाव सापडत नाई. मले वाटलं, संपलं. पण खाली लिहिलं होतं, दप्तर नीट ठेवलं गेलं नाई याबद्दल कंपनी दिलगीर हाये! न सोबत एक तिकीट, मुंबई ते लंडन, जाणं-येणं, फुकट. आपण यावं, आतली व्यवस्था पाहावी न काय सुधारावं ते सांगावं. लोकांनी मले उचलूनच घेतलं. बावीस नोव्हेंबरले सत्कार ठरला. बँडवाल्याले सांगूनही आले.

बाई, मी विमानात बसलोच नाई.

सांताक्रूझच्या विमानतळावर गेलो होतो. जिन्यापाशी गेलो. तिसऱ्या पायरीवर पाय थांबले. मी पायाले सांगून राहिलो, चाल, न पाय ऐकेना. मांगचे लोक बाजूनं चढून गेले. एका माणसानं मले हात धरून खाली आणलं, पाणी पाजलं. विमान गेलं. संस्थेले लिहिलं, तब्येत बिघडली. मंग चाळीस दिवस कल्याणले माह्या दोस्ताच्या, सूर्यभानच्या खोलीत राहिलो. ढगाचं सगळं वाचनालयात बसून वाचलं. माह्या पासपोर्टावर एक शिक्का नाई, म्हणून त्या ट्रंकेले कुलूप असते.

काहून नाई सांगतलं? सत्तावीस हार, बाई. वापस आलो त टेशनवर तेच लोक, तोच बँड. म्हाताऱ्या सुंदराबाईनं स्वतः झेंडू तोडून रातभर हार केला होता, तिच्या बोटाले सुई टोचलेली. तिच्या बापाले गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. तिले काय सांगू मी, जिना उंच होता?

मले वाटलं होतं, भाषणापुरतं हाये, कोणाचं काय जाते. पण मंग तुहं पत्र आलं. मी तुले सलूनची खुर्ची देल्ली, सोडाबाटलीचे बूच वाटाले लावले, न तू खरोखरच त्या डब्यात जाऊन बसली. समुद्रावर तू एकटी उठून डावीकडे गेली, हे वाचून वस्ती हसली. मी घरात जाऊन रडलो.

सत्काराच्या दिवशी सगळ्यांपुढं खरं सांगतो न तिकीट वापस करतो. तू मले माफ नाई केलं तरी चालीन.

श्रावण


लंडन,
१८ ऑक्टोबर १९६४

बह्याडा, येड्या,

तुहं पत्र वाचून तीन दिवस मले अन्न गोड लागलं नाई. ललितेले वाटलं थंडी बाधली. चपला साहेबाच्या हातात देल्ल्या मी, श्रावणा! त्या जाड्या माणसाले सरकवलं! आता रस्त्यात कोणी गोरा हसला त वाटते, हा त्या विमानातलाच हाये.

पण एक गोष्ट मी बी तुले नाई सांगतली. सांताक्रूझले माहेही पाय थांबले. पाचव्या पायरीवर. खाली तुहे भाऊजी डोळे मिटून उभे, मांगं लोक खोळंबलेले. मी वळालीच होती. मंग मी मनाले म्हणलं, केशर, समोर पाह्य, तो श्रावण चढून राहिला, ते पाह्य त्याची काळी टोपी. तू ज्या जिन्यानं गेला त्याच जिन्यानं मी चालली म्हणलं. त्या टोपीकडे पाहून एक एक पायरी चढली, न तशीच ललितेपाशी पोहचली.

आता तू म्हणतो तू चढलाच नाई. मंग मी कोणाच्या मांगं चढली, सांग! ते आधी सांग मले.

वस्तीले खरं सांगाचं त सांग, सांगच. पण तिकीट वापस केलं त मी तुह्याशी बोलाची नाई. पोरीचं नाव ठेवाचं राहिलं हाये. मी सगळ्यांले सांगतलं, ललितेचा मामा आल्याशिवाय नाव ठेवणार नाई. ती बिचारी अजून "बेबी" हाये.

केशर


विमानातून,
२९ नोव्हेंबर १९६४

बाई,

हे पत्र टपालात टाकणार नाई. मीच तुह्या हातात देईन. वाचून झाल्यावर मले काही विचारू नको, पहिले चहा दे.

सत्काराच्या दिवशी मी उभा राहिलो न सांगून टाकलं. भाऊ-बहिणींनो, मी एकोणसाठ साली विमानात बसलो नाई, तिसऱ्या पायरीवरून वापस आलो, पाच वर्षं तुमच्याशी खोटं बोललो. मंग हेडमास्तर उठले न म्हणाले, "पाहा, एवढा मोठा माणूस, पण विनय किती!" टाळ्या थांबेनात. मी पासपोर्ट दाखवला, एक बी शिक्का नाई. पुंजाजी म्हणे, साहेब लोकांची शाई उडते. मी वरडलो, अरे मी खोटारडा हाओ! बँड वाजाले लागला.

एक सुंदराबाई टाळ्या नव्हती वाजवत. सगळे गेल्यावर काठी टेकत आली न म्हणे, "पाय लटपटले होते ना रे पोरा? मले तवाच वाटलं. वापस आला तवा तुह्या जोड्याले आपल्याच गावची माती होती." पाच वर्षं बोलली नाई बुढी. न पदराखालून हार काढला. "ह्या खेपेचा खरा हाये," म्हणे, "आता जाय."

सांताक्रूझले तोच जिना. तिसऱ्या पायरीवर पाय थांबले, जसे काही जागा वळखतात. समोर कोणीच नव्हतं. मंग मले तुह्या निळ्या पट्ट्याच्या चपला दिसल्या, एकेक पायरी वर चाललेल्या. तू विचारलं ना, कोणाच्या मांगं चढली. मले नाई माहीत. पण मी तुह्या मांगं चढलो.

आता घट्ट बसून वाच. दारात एक साहेब उभा होता. त्यानं वाकून माहे जोडे मांगतले न हातात पितळी बिल्ला देल्ला, नंबर सात. मी बिल्ला पाहून भिंतीले टेकलो. जेवणात वाटीत ठेचा आला, बाई. न भाकर, जरा वातड, पण ज्वारीची. सिगरेटवाले मांगं बसवले न हवेच्या भोकाले झाकण केलं. सलूनची खुर्ची तशीच हाये, पुढचा माणूस आता माह्या मांडीवर हाये, त्यामुळं अक्षर वाकडं येऊन राहिलं.

मंग खरोखर घंटा झाली. सगळे उठले, साहेब, मेमा, एक पाद्री, न गुमान डावीकडे जाऊन दाटीवाटीनं बसले. ती लुगड्यातली पोरगी माह्यापाशी आली न हळूच म्हणाली, "सर, अमरावतीच्या बाईंनी लिहिल्यापासून आम्ही हे सुरू केलं. पण डावीकडेच का, ते आमच्या इंजिनियरांना अजून कळलं नाही. आपण सांगाल का?"

मी म्हणलं, सवयीचा भाग हाये. दुसरं काय सांगू?

पाच वर्षं जे खोटं बोललो ते एका बैठकीत सगळं खरं झालं. फक्त खिडकी उघडत नाई. मी तीनदा पाहिलं. ते एक खोटं माह्या नावावर राहू दे.

खाली अजून निळंच निळं हाये. मी डावीकडे बसलो हाओ, न मले भेव वाटून राहिलं. पण बसलो हाओ, बाई.

तुहा भाऊ,
श्रावण